पट्टा दोरीवर होता

आमच्या ह्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, आणि माझ्या मस्कतच्या भावाने ते घड्याळ पाठवलं. आमच्या नारपोलीत तेव्हा घरोघरी टीव्हीची केबल नुकती येत होती. असलं घड्याळ आम्ही बापजन्मात पाहिलं नव्हतं. छातीला काळा पट्टा बांधायचा, आतून जरा पाणी लावायचं; पट्टा ठोके मोजणार आणि मनगटावरचं घड्याळ आकडा दाखवणार. पट्टा काढला की नुसतं शून्य. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, पण आकडा एकशेवीसच्या वर गेला की थांबायचं."

झालं! त्या आकड्याची मी सासूच झाले. रोज सकाळी ह्यांच्या मागोमाग टेमघरच्या दिशेने निघायचे. घरातून निघताना आकडा कसा गुणी. आमच्या कापड विणायच्या कारखान्याची गल्ली आली, लूमची खटखट कानावर आदळली, की उड्या मारायला लागायचा. दीडशे, पावणेदोनशे.

"मला काय होत न्हाय गं," हे म्हणायचे.

"अटॅक आला तेव्हाही हेच म्हणत होता!"

गल्ली मागे पडली की आकडा खाली. आणि सुट्टीच्या दिवशी, कारखाने बंद असताना, त्याच गल्लीतून शंभराच्या आत. आता आणखी काय पुरावा हवा? ह्या माणसाचा जीव लूममध्ये अडकलाय आणि लूमच त्याचा जीव घेणार, असं मी ठरवूनच टाकलं. कारखाना विकायचा म्हणजे विकायचा, आणि तोवर ह्यांनी आत पाऊलही टाकायचं नाही.

हे भांडले नाहीत, तेच वाईट. एरवी आमटीत मीठ कमी पडलं तर गल्लीला कळायचं; आता अळणी जेवूनही गप्प उठायचे. दिवसभर खाटेवर बसून खिडकीतून येणारी दूरची खटखट ऐकायचे. माणूस वाचवायला निघाले होते मी, आणि माणूस डोळ्यांदेखत सुकत होता. मला ते दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण आकड्यापुढे मी काय करणार!

गिऱ्हाईक ठरलं. सौद्याच्या सकाळी मी पट्टा धुतला, घामाने त्याला वास मारत होता, आणि दोरीवर वाळत घातला. भाकऱ्यांना बसले तेवढ्यात हे गायब. चपला न्हाय, घड्याळ न्हाय. कुठे गेले ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? मी पिठाच्या हातांनी तशीच धावत सुटले.

कारखान्यात मी सहसा पाऊल टाकत नसे. त्या दिवशी थेट आत घुसले. हे एका लूमवर हात ठेवून उभे होते. मनगट ओढून बघितलं, तर आकडा दोनशेच्या वर!

"खाली बसा! आधी खाली बसा!"

कारीगर धावले. "क्या हुआ, चाची?" मी कुणाचं ऐकतेय! पट्टा छातीवर आवळला असेल, सैल करावा, म्हणून सगळ्यांसमोर ह्यांच्या शर्टाची बटणं काढायला लागले.

"अगं, अगं! लोक बघतायत!" हे लाजून लाल.

आत पट्टाच नव्हता.

पट्टा घरी दोरीवर होता, मीच घातलेला. मग हे दोनशे ठोके कुणाचे? बाजूच्या लूमची मोटर घरघरत होती. ह्यांचा हात धरून मोटरजवळ नेला, आकडा आणखी चढला. ओढत गल्लीच्या पार बाहेर नेलं, शून्य! मोटरींच्या विजेने ते मेलं घड्याळ चळत होतं, आणि मी कारखाना विकायला काढला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

तिथेच रस्त्यात मी ह्यांच्या उघड्या छातीवर पिठाचा हात ठेवला. ठोके संथ, एकसारखे. मला रडूच फुटलं. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "माझं सोड, तुझं बघ किती धडधडतंय."

दुपारी गिऱ्हाईक आलं. "विकायचं काय न्हाय," मी दारातच सांगितलं. "चहा हाय, तो घ्या."

डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं आणि अर्धा दिवस कारखान्यात जायची परवानगी दिली. घड्याळ फक्त चालायला जाताना, तेही लूमच्या गल्ल्या सोडून खाडीकडच्या वाटेने. कारखान्यात जाताना ते घरीच राहायचं. हे परत आले की मी उंबऱ्यातच अडवून छातीवर हात ठेवायचे.

"हाय ना बरोबर?" हे विचारायचे.

"थांबा, मोजतेय अजून."

मोजत मी काहीच नसायचे.