नारायणपेठीची घडी

नलूताईंसमोर वॉशिंग पावडरचं नाव काढायची सोय नव्हती. प्रभादेवीच्या त्या जुन्या बिल्डिंगीत कुणाच्या साडीवर वरण सांडलं, तेलाचा डाग पडला, की बायका धावायच्या नलूताईंकडे. रात्री भिजवलेले रिठे सकाळी कुस्करायचे, फेस गाळून घ्यायचा, साडी त्यात बुडवून न पिळता सावलीत उलटी वाळत घालायची आणि उरलेल्या पाण्यानं गॅलरी धुऊन काढायची. वर एक भाषण फुकट. "अगं, दर धुण्याला कपड्याचं आयुष्य घटतं. अंगावरून काढला की वाऱ्यावर टाका. ऊठसूट बादलीत बुचकळून काय मिळतं तुम्हाला?"

बोलत होत्या ते खरंच होतं. पण खरं बोलणाऱ्यानं कुठे थांबावं हेही कळायला हवं ना! तिथेच तर बाईंचं घोडं पेंड खायचं.

रिटायर झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं अंजिरी रंगाची नारायणपेठी घेतली. चांगला रुंद जरीकाठ. नव्या साडीची घडी बहिणीनं मोडायची, आधी तिनं नेसायची, मग आपण, ही आपल्याकडची रीत. धाकटी मालन गिरगावातून साडी बघायला आली आणि हरखूनच गेली. "ताई, घडी मी मोडणार हं! लेकीच्या साखरपुड्याला नेसते."

"तुला घाम किती येतो, माले! सिल्कला घाम लागला की धुवावी लागणार, आणि धुतली की गेलं तिचं तेज."

मालन हसली. "बरं बाई, राहू दे," म्हणाली आणि साखरपुड्याला आपली जुनीच साडी नेसली. घरी आल्यावर नलूताईंना त्यांच्या नवऱ्यानं, रघुवीररावांनी सुनावलं, "साडी जपलीस, बहिणीचं मन काही जपलं नाहीस."

"तुम्हाला कपड्यातलं काय कळतं!" नलूताई फणकारल्या. पण आत कुठेतरी खुपलं होतं. पुढच्या कार्याला देऊ, असं म्हणत राहिल्या. स्वतःही नेसल्या नाहीत, कारण घडी बहिणीनं मोडायची राहिली होती! दर दसऱ्याला मलमलीच्या फडक्यातून साडी काढायच्या, वारा द्यायच्या, घडीची बाजू बदलायच्या, ताजं वेखंड ठेवायच्या आणि परत कपाटात. अशी वर्षं गेली.

यंदा मालनला कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात रेडिएशन सुरू झालं, गिरगावातले जिने चढवेनात, म्हणून नलूताई तिला आपल्याकडे घेऊन आल्या. पावडरच्या नुसत्या वासानं मालनला उमळून यायचं. नलूताई तिचं सगळं धुणं रिठ्यात काढायच्या. गळ्यापासून छातीपर्यंत तिची कातडी भाजून निघाली होती. ते बघताना नलूताईंना दर वेळी ती कपाटातली साडी आठवायची.

एका दुपारी त्यांनी ती काढलीच. "घे गं माले, मोड घडी."

मालनचा चेहरा असा खुलला, की नलूताईंना वाटलं, वेळ अजून गेलेली नाही. त्यांनी हळूच पदर तिच्या खांद्यावर ठेवला.

"आई गं! काढ, ताई, काढ. टोचतंय." मालननं ओठ घट्ट मिटून घेतले. जरा वेळानं म्हणाली, "मला आपली तुझी ती रोजची सुती दे. धुऊन धुऊन कशी सायीसारखी झालीय."

नलूताई साडी हातात धरून तशाच उभ्या.

"अशी काय उभी राहिलीस? तूच नेस. मला बघू दे."

"पण रीत..."

"आता कसली रीत! नेस म्हणते ना."

नलूताई तिथेच, बहिणीसमोर नेसल्या. ऑक्टोबरची दुपार, त्यात नवंकोरं सुळसुळीत सिल्क, चापूनचोपून नेसवेना. पाठ घामानं ओली झाली.

"अगंबाई, ताई, केवढा घाम हा!" मालन उशीवरून हसत म्हणाली. "धुवावी लागणार हो आता."

हसायला म्हणून तोंड उघडलं आणि नलूताईंना हुंदकाच फुटला. "चुकलं गं माझं, माले. तेव्हाच द्यायला हवी होती तुला."

मालननं पडल्या पडल्या हात लांब करून ताईच्या निऱ्या सारख्या केल्या.

"हो," ती म्हणाली. "द्यायला हवी होतीस. काय छान दिसले असते मी!"