हाडाकडे पाहणारी ताई

गांधीबागेतल्या दुकानात मी गिऱ्हाइकाला कापड दाखवत होतो, तेव्हा भाऊजींचा फोन आला. "तुझी ताई गेली गा..." क्लिनिकमध्येच, दोन पेशंटच्या मधल्या वेळात तिचं हृदय बंद पडलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

ताई वेडेवाकडे दात आणि जबडे जागेवर आणणारी डॉक्टर. आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते माझ्याच मुलीच्या जबड्यावरून. ऋचा तेव्हा अकरा वर्षांची होती. अंगानं भरलेली, खालचा जबडा मागे राहिलेला. मी ठरवून टाकलं होतं, आधी बारीक हो, मग उपचार. गाल उतरले की हनुवटी आपोआप दिसेल! ताईनं एक्स-रे उजेडात धरला. "तू गालाकडे पाहून राहिला, मी हाडाकडे. वजन जास्त असलेल्या पोरांची हाडं बरेचदा वयाच्या पुढे धावतात. हिचीही धावून राहिली. वाढ चालू आहे तोवरच दातांवर प्लेट लावून जबडा पुढे आणता येतो. थांबलास तर मोठेपणी ऑपरेशन." मी ऐकलं नाही. आधीच जाड, त्यात तोंडात प्लेट, लोक हसतील म्हणालो. खरं तर लाज मलाच वाटत होती...

त्यानंतर ऋचाचा डबा रोज रिकामा येऊ लागला. ती उतरतही होती. मी खूश होतो. मग एका सकाळी शाळेतून फोन आला, प्रार्थनेला उभी असताना कोसळली. डबा ती मैत्रिणीला देऊन टाकायची. ताईचं क्लिनिक शाळेजवळच; मी पोहोचलो तेव्हा ती आधीच तिथे होती, ऋचाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. "काहून उपाशी ठेवून राहिला गा पोरीले?"

"मी कुठं उपाशी राहा म्हटलं?"

"बारीक हो म्हटलं ना? तिनं तेच ऐकलं."

ऋचानं डोळे किलकिले केले. "आत्या, आता तरी लावशील प्लेट?"

त्याच आठवड्यात प्लेट लागली. उशीर झाला की नाही, ते ताईलाही सांगता येत नव्हतं. दर महिन्याला ती मापं घ्यायची, ऋचा पुन्हा उपाशी राहू नये म्हणून वजनही करायची. मला धड झोप लागत नव्हती. सातव्या महिन्यात ती एवढंच म्हणाली, "येऊन राहिला पुढे." आणि खुर्चीत बसून रडली.

परवा ऋचाला त्याच क्लिनिकमध्ये नेलं. ताईच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी वजनकाटा पुढे सरकवला. ऋचा त्यावर उभी राहिली ती काट्याकडे पाठ करून, मान ताठ.

"आत्या असंच उभं करायची," ती म्हणाली. "आकडा फक्त तिनं पाहायचा. मोठ्यानं म्हणायचा नाही."

डॉक्टरांनी आकडा पाहिला, कागदावर लिहिला. मीही काट्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.