अर्धा पेला

काचेचा पेला काठोकाठ भरताना होणारा आवाज ऐकला की मला महाबळेश्वरचं ते हॉटेल आठवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. हे सोलापुरात गिरणीच्या हपिसात होते आणि मामंजींचा खोकला हटेना, म्हणून आम्ही त्यांना थंड हवेला नेलं होतं. मामंजी सांगोल्याकडचे, मेंढरं राखून म्हातारे झालेले; त्या साली गावची विहीरही आटली होती. जेवणघरात टेबलावर शुभ्र चादर, खिडकीबाहेर धुकं, आणि फेटा बांधलेला बटलर पाण्याचा जग घेऊन पाठीशी उभा. मामंजींनी पेला संपवला की तो लगेच भरी. आमच्याकडे पाणी टाकून कुणी उठत नाही, म्हणून मामंजी तोही पिऊन टाकत. तो पुन्हा भरी. ताटातलं जेवण तसंच राहिलं. शेवटी मामंजी कळवळून म्हणाले, "बस की आता, लेका! पोटात जागा न्हाय आन् टाकवत बी न्हाय." बटलरनं दारातल्या मॅनेजरकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, पेला रिकामा दिसला तर मला बोलणी बसतात." मामंजी विचारात पडले. मग म्हणाले, "आसं व्हय? मग अर्धाच भर. तेवढा ऱ्हाऊ दे म्होरं, उठताना पितो." तिथं होतो तोवर रोज तसंच चाललं. मॅनेजर दिसला की बटलर जग नुसता वाकवायचा, आणि मामंजी गालात हसायचे. आता माझी सून तुडुंब भरलेला पेला आणून देते. अर्धाच आण म्हटलं, तर तिला वाटतं, म्हातारीला पेला जड होतो. मी तसंच वाटू देते.