मागची गाडी

सकाळी विलासच्या पोटऱ्यांना बाम चोळला की त्या वासासरशी मी शंकर नगरातल्या घरातून थेट अभनपूरच्या रस्त्यावर पोचते.

काही वर्षांपूर्वी मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी निधी जमवायला आम्ही काही जण जगदलपूरहून रायपूरला सायकलींवर निघालो होतो. मागे पडेल त्याला सामानाच्या गाडीनं उचलायचं, असं ठरलेलं. गाडी माझा नवरा विलासच चालवत होता. अभनपूरनंतर माझा गुडघा धरला, तसाच बाम चोळून मी पुढे निघाले. समोरून गरम वारा, दातांत धूळ आणि पाठीमागे त्या गाडीची घरघर.

"काहून जीव काढून राहिली? बस ना गाडीत!" तो खिडकीतून ओरडला.

"रायपूर आल्याशिवाय नाही. अन् हॉर्न वाजवू नको!"

मग तो पहिल्या गिअरवर माझ्यामागे येत राहिला. गाडीत बसणाऱ्याला काय कष्ट, असं मनात म्हणत, त्या रागावरच पायडल मारत मी शहरात शिरले.

आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विलास अंगणात चालायचा सराव करतो. खुर्ची घेऊन मी मागे. आज त्याचा पाय थरथरला.

"बस ना थोडं," मी खुर्ची टेकवत म्हटलं.

"फाटकापर्यंत जाऊन राहिलो. बस म्हणू नको मले."

मी खुर्ची उचलली आणि हॉर्न न वाजवता त्याच्यामागे चालत राहिले.