काचेखालचं गवत

"रागावू नका, पर एक बोलते," असं म्हणून मावशी हातातली काठी जमिनीवर टेकवायची आणि समोरच्याला राग येईल असंच काहीतरी बोलायची. बोलून झालं की त्याचा चेहरा निरखून बघायची, राग आला की नाही ते.

मोरगावच्या बाजूला माळावर सौर विजेचा प्रकल्प आहे, तिथं मी सुपरवायझर. मी कन्हेरीचा, उसात आणि पाटाच्या पाण्यात वाढलेला. त्या उघड्या माळात कुणाचा जीव अडकला असेल, असं मला कधी वाटलं नाही. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर नुसती कुसळं. त्यामुळं कंपनीनं जमिनी भाड्यानं मागितल्या तेव्हा शेतकऱ्यांनी त्या आनंदानं दिल्या. कुंपण घातल्यावर मग लक्षात आलं, की ह्या माळावर वर्षानुवर्षं एका बाईची मेंढरं चरत होती. तिची स्वतःची तिथं वीतभरही जमीन नव्हती. म्हणून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

ती रोज मेंढरं घेऊन फाटकापाशी येऊन उभी राहायची. साठीची, सडपातळ, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. एकदा तिनं मला विचारलं, की ह्या काचा कशापायी मांडल्यात. मी समजावून सांगितलं, की कोळसा न जाळता वीज मिळते, धूर होत नाही, हवा तापायची कमी होते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"रागावू नका सायेब, पर हवा निवंल तवा निवंल. तवर माझी मेंढरं काय खात्याल?"

मी फाटकाला कुलूप घालून आत वळलो.

पावसाळ्यात पॅनेलखालचं गवत इतकं माजलं, की त्याची सावली पॅनेलवर पडायला लागली. मशिननं कापायला गेलो तर दगड उडून काच तडकली. तेव्हा मी पुण्याच्या साहेबांना मावशीच्या मेंढरांबद्दल सुचवलं. ते आधी हसले, मग म्हणाले, करून बघा. पण शेळ्या नकोत, त्या वर चढतात. मावशीनं एकच अट घातली, की आमच्यासारखं गळ्यातलं ओळखपत्र पाहिजे. फोटोच्या वेळी तिच्या मांडीवर कोकरू होतं, ते खाली ठेवायला ती तयार होईना. शेवटी ओळखपत्रावर कोकराचा एक कान आला, तो तसाच राहिला.

कळपात एक पांढरी शेळी दडवून आणलेली आहे, हे मला ती पॅनेलवर उभी दिसली तेव्हा कळलं. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "रागावू नका, पर ती बी मेंढरूच हाय. सवय तेवढी वायली." दुसऱ्या दिवसापासून शेळी फाटकाबाहेर एका खुरट्या बोरीला बांधलेली असायची.

दोनेक वर्षं बरी गेली. मग पुण्याचे साहेब बदलले. नव्या साहेबांनी तणनाशक फवारायचं ठरवलं आणि मेंढरं बंद करा, असं मला फोनवर सांगितलं. निरोप द्यायला मी तिच्या वस्तीवर गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि एवढंच विचारलं, की औषध आलंय का अजून यायचंय. पुढच्या आठवड्यात येईल, मी म्हणालो. तिनं मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती जमीनमालकांच्या दारोदार हिंडली. आपल्या मेंढरांचं तिनं नावही काढलं नाही, असं मालकांपैकी आबा म्हणून एकांनी मला नंतर सांगितलं. ओट्यावर बसून ती म्हणायची, "करार सरल्यावर जमीन तुमच्याच नातवंडांकडं यायची हाय. ती कशी परत पायजे, त्ये तुमी ठरवा."

साहेब पाहणीला आले त्या दिवशी सगळे मालक फाटकावर हजर होते. भांडण असं झालंच नाही. आमच्या मातीत औषध मारायचं नाही, असं आबांनी शांतपणे सांगितलं. जमीन त्यांची, त्यांच्याशी वाकडं घेऊन कंपनीला चालणार नव्हतं; साहेबांनी तिथंच फवारणी रद्द केली आणि मेंढरं चालू ठेवायला सांगितली. भाडं ठरवताना ज्यांना तिची आठवण झाली नव्हती, तेच आज आपल्या जमिनीसाठी, आणि न बोलता तिच्यासाठीही, उन्हात उभे होते.

मावशी मात्र तिथं नव्हती. लांब ओढ्यावर ती मेंढरांना पाणी पाजत होती. मी जाऊन सांगितलं तशी ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी बाजूला होऊन मेंढरं वळत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती पॅनेलच्या ओळीखाली, मेंढरांच्या मधोमध पाय पसरून बसली होती. तिनं मलाही शेजारी बसायला लावलं.

"जल्म समदा उन्हात गेला, लेकरा," ती म्हणाली. "आता कुठं सावली घावली, ती बी काचंची."

साहेब म्हणायचं ती त्या दिवशी विसरली.

गेल्या थंडीत मावशी गेली. चार दिवसांनी तिची भाची मेंढरं घेऊन आली. फाटकातून आत आल्यावर ती घुटमळली आणि कुठल्या ओळीत न्यायची म्हणून माझ्याकडं बघायला लागली. मेंढरं तोवर आत शिरून चरायलाही लागली होती.