मावशीचं नाक

मावशीला वास येत नाही, हे फक्त दोघींना ठाऊक होतं. स्वतः मावशीला आणि तिच्या भाचीला.

अकरा वर्षं मावशीने एका हॉटेलचे ओव्हन जहाल फवारे मारून धुतले. त्यात नाक गेलं. मग तिने फवाऱ्याला हात लावला नाही. घरोघरी जाऊन ओव्हन साफ करायची, खायच्या सोड्याने. सोडा पाण्यात कालवून संध्याकाळी आतून लेप थापायचा. सकाळी त्यावर व्हिनेगर शिंपडायचं. लेप फसफसला की वर्षानुवर्षांची काजळी फडक्याला लागून यायची. हट्टी डागाला मीठ आणि लिंबाची फोड.

"माणसांवर चालत नाही गं हा सोडा," मावशी म्हणायची, "नाहीतर आधी तुझ्या काकाला घासला असता."

शेवटी ओव्हन पेटवून बघायचा. धूर आला तर लेप कुठेतरी राहिला. पण काडी ओढण्याआधी मावशी म्हणायची, "बघ गं." भाची आत डोकं घालून गॅसचा वास येतो का बघायची. मग म्हणायची, "लाव काडी."

त्या संध्याकाळी एका बाईंकडे लेप थापून परतताना दोघींचं वाजलं.

"बाईंना सांगून टाक ना एकदा."

"काय सांगू? गॅसच्या कामाला आलेय आणि नाक नाही? दारात तरी उभं करतील का?"

"आणि मी नसले तर?"

"तू कुठे मरतेस एवढ्यात!"

"मग उद्या एकटीच जा. बघू किती लपवतेस."

भाचीचा हिशेब साधा होता. ती नसली की मावशीला वास बघायला बाईंना बोलवावंच लागेल. एकदाचं तोंड उघडेल.

सकाळी तिचं घरात लक्ष लागेना. अकराला ती निघालीच. इमारतीच्या दारात बाई भेटल्या, हातात पिशवी.

"तुझी मावशी म्हणाली, तुम्ही बाजार करून या, तोवर चकचकीत करून ठेवते."

भाची धावत जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावरच गॅसचा वास आला.

ओव्हनची बटणं काढून गरम पाण्यात भिजत घालायची मावशीची पद्धत होती. बटणांखालच्या उघड्या दांड्या पुसताना एखादी फिरली असणार. बटण नसलं की गॅस चालू की बंद ते कळत नाही. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या.

"मावशी, काडी लावू नकोस!"

तिसऱ्या मजल्यावरचं बाईंचं दार बाहेर फेकलं गेलं.

नंतर लोकांनी तो ओव्हन पाहिला. आत एक डाग नव्हता.

दवाखान्यात मावशीचे डोळे, हात, सगळं पट्ट्यांत होतं. भाची जवळ बसली तशी मावशीने विचारलं, "बाईंना कळलं, नाकाचं?"

"नाही."

मग मावशी, सवयीने असेल, पुटपुटली, "बघ गं."

भाचीने श्वास घेतला. मलमाचा वास होता, जळक्या केसांचा होता.

मावशी पहाटे गेली.