दुपारी दोनचा पास

गेल्या वर्षी मार्च संपता संपता आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावावर उन्हाळी पास द्यायला सुरुवात झाली. ऑफिसातून येताना मी पैसे घेऊनच तिकडं वळले होते. खिडकीशेजारी नवं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. ते वाचून माझं डोकं जे फिरलं, ते अजून पुरतं जाग्यावर आलेलं नाही. महिलांची वेळ आजवर सकाळी सातची असायची. ती उचलून दुपारी दोनला टाकली होती.

दुपारी दोन, तेही एप्रिल-मे महिन्यात, या शहरात. त्या वेळी आमच्या गारखेडा भागात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दुकानदार शटर अर्धं ओढून आत आडवे होतात. तलावावर छप्पर नाही, कपडे बदलायच्या खोल्या पत्र्याच्या आहेत, आणि कडेची फरशी अशी तापते की चप्पल काढून पाण्यापर्यंत पोचायचं म्हणजे उड्या मारतच जावं लागतं. शिवाय मी नोकरी करते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दुपारी दोनला पोहायला जाते, असं प्राचार्यांना सांगितलं तर ते मला घरीच पाठवतील.

खिडकीत तलावाचे व्यवस्थापक बसले होते. तलाव एका ठेकेदाराकडं आहे आणि हे त्याचे माणूस. मी विचारलं तर त्यांनी मान वर न करताच सांगितलं की सकाळच्या वेळा आता एका कोचिंग अकॅडमीला दिल्यात, स्पर्धेची मुलं असतात, त्यांचं करिअर असतं. मग माझ्याकडं बघून समजूत घातल्यासारखं म्हणाले, "ताई, लेडीज येतच नाहीत हो. आज आल्या, उद्या दांडी. दुपारी तुम्हाला निवांत असतंय, घरची कामं झालेली असतात."

घरची कामं. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर ते ऐकण्यासारखं नसतं. पास न घेता घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही, पण त्याला कुठल्याही गोष्टीतला राग कळत नाही. म्हणाला, लई डोक्यात घेऊ नको, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. वर असंही म्हणाला की गावाला प्यायला पाणी नाही, आठ-आठ दिवस नळाकडं बघत बसतो आपण, आणि त्यात तुला पोहायचं पडलंय. हे मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं. शेजारी म्हणतात, नणंद म्हणते. अकॅडमीच्या मुलांना मात्र हे कुणी म्हणत नाही. तलावात पाणी तेच असतं. बाई उतरली की तेवढी त्याची उधळपट्टी होते.

पण खरा वाद झाला तो मैत्रिणीशी.

ती माझ्या गल्लीतच राहते. उर्दू शाळेत गणित शिकवते. आधी आम्ही नुसत्या ओळखीच्या होतो. तिचे गुडघे धरले, डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं, आणि मला पोहता येतं हे कुठून तरी कळून ती एक दिवस माझ्या दारात उभी राहिली. तेव्हापासून दोन उन्हाळे आम्ही बरोबर जात होतो. पहिला उन्हाळा तिनं कडेचा दांडा सोडला नाही. पाणी छातीला लागलं की तिचा श्वास अडकायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात ती उथळ बाजूला आडवं पोहायला लागली, आणि एकदा मध्येच थांबून, केस चिकटलेल्या चेहऱ्यानं, मला म्हणाली होती की तिला आयुष्यात पहिल्यांदा गुडघे आहेत हे विसरायला झालं. ती अंगभर पोशाखात पोहते. सकाळी सातला तलावावर फक्त बायका असायच्या, शिकवणारीही बाईच. म्हणून तर ती येऊ शकायची.

व्यवस्थापकांचं ते 'घरची कामं' मी तिला सांगितलं आणि म्हणाले की या वर्षी कुणीच पास घ्यायचा नाही. सगळ्याजणींना सांगू, एकीनंही घ्यायचा नाही, मग बघू कसं करतो तो ठेकेदार. तिनं चहा गाळता गाळता ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की ती घेणार.

"देख, कुणी घेतलाच नाही तर त्याला पाहिजे तेच होईल," ती म्हणाली. "तो म्हणेल, लेडीज बॅच बंद. आणि एकदा बंद झालेली बॅच परत सुरू झालेली तू कुठं बघितलीस?"

मला ते पटलं नाही. मी म्हणाले, तुझी शाळा यंदा सकाळची झालीय, मे महिन्यात सुट्टी, तुला दोन वाजता जमतं म्हणून तुला हे सुचतं. ज्यांना जमत नाही त्यांचं काय? अपमान करणाऱ्याच्या हातात वर पैसे द्यायचे? ती कपात चहा ओतत राहिली. तिचं ते शांतपण मला त्या दिवशी फार लागलं. मी चहा अर्धा टाकून आले. नंतर बरेच दिवस गल्लीत भेटलो तर आम्ही फक्त मान हलवायचो.

पास घ्यायचा की नाही यावर मी आठवडाभर धुमसत होते. मग एका सकाळी तलावावर जाऊन वेळापत्रक पुन्हा नीट वाचलं. अकॅडमीच्या आधी, साडेपाचला, 'सर्वसाधारण' अशी एक वेळ होती. ती पुरुषांची, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. सगळे धरून चालले होते, इतकंच. मी खिडकीत त्याच वेळेचा पास मागितला. व्यवस्थापक म्हणाले, त्या वेळी सगळे जेन्ट्स असतात. मी म्हणाले, असू द्या. ते म्हणाले, तुम्हालाच ऑकवर्ड होईल. मी म्हणाले, माझं मी बघते, तुम्ही पास द्या. आता माझा आवाज चढला होता आणि मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती. व्यवस्थापकांनी पास दिला.

पहिल्या दिवशी मी टॉवेल बाजूला ठेवून पाण्याकडं चालत गेले, तेव्हा सगळा तलाव एकदम गप्प झाला. माझं वय पन्नाशीच्या पुढं, शरीर त्या वयाचं. मी उडी मारली आणि पोहायला लागले. मला कुणी त्रास दिला नाही, हे सांगायला हवं. त्यांनी कडेची एक पट्टी माझ्यासाठी रिकामी सोडली, आणि पुढं सगळा उन्हाळा त्या पट्टीत कुणी आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे रोज "नमस्कार" म्हणायचे. बाकीचे मी तिथं नसल्यासारखं वागायचे. रिकामी पट्टी मिळाली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण मला रोज वाटायचं की मला पाण्यात नाही, कोपऱ्यात उभं केलंय. मी रागानं पोहायचे. त्या उन्हाळ्यात माझा दम फार वाढला.

मैत्रिणीनं दोनचा पास घेतला होता. तिच्याबरोबर आणखी चार-पाच जणी. शेजारची सून त्यांच्यात होती, तिच्याकडून मला कळायचं. डोक्याला ओला रुमाल बांधून रिक्षानं जायच्या, फरशीवर आधी बादलीभर पाणी ओतायच्या, मग उतरायच्या.

मेच्या मध्याला ती सूनच सांगत आली की दोनची बॅच बंद केलीय. बोअरचं पाणी आटलं, टँकर परवडत नाही, म्हणून एक वेळ कमी करायची, आणि ती हीच. पाणी सगळ्या वेळांना एकच असतं. एक तास कमी केल्यानं ते किती वाचतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोन वाजता तलावावर गेले. फाटकाला कुलूप होतं. बाहेर, भिंतीच्या वीतभर सावलीत, त्या सगळ्या उभ्या होत्या. मैत्रीणही होती. तिनं माझ्याकडं बघून नेहमीसारखी मान हलवली. व्यवस्थापक बाहेर आले तशी मी सुरू केलं. मार्चपासून साचलेलं सगळं मी त्यांच्यावर ओतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचा पास सकाळचा आहे. या बॅचशी तुमचा काय संबंध?"

इतकी वर्षं पुस्तकांत काढली, पण त्या उन्हात एक वाक्य सुचलं नाही.

मग मैत्रीण पुढं आली. तिनं पर्समधून पास काढला आणि त्यांच्यापुढं धरला. आवाज वर्गात असतो तसा, ना मोठा ना बारीक.

"माझा संबंध आहे ना," ती म्हणाली. "यावर पावसाळ्यापर्यंत लिहिलंय. कुलूप काढा. नाही काढलं तर आम्ही उद्याही याच वेळेला इथं उभ्या राहू, परवाही. आमची घरची कामं झालेली असतात."

तिच्यामागं बाकीच्यांनीही आपापले पास बाहेर काढले. व्यवस्थापकांनी आत जाऊन कुणाला तरी फोन केला. बराच वेळ लागला. कुलूप त्या दिवशी निघालं नाही, दुसऱ्या दिवशी निघालं. वेळ मात्र दोनचीच राहिली. सकाळचे सात अकॅडमीकडून परत मिळवणं आम्हाला जमलं नाही, ते या वर्षीही जमलेलं नाही.

तो वाद झाला त्या दिवशी परतताना रिक्षात आम्ही शेजारी बसलो होतो. तिचं बरोबर होतं, हे मी तिला सांगितलं. आणि माझंही चूक नव्हतं, हेही. ती म्हणाली, सकाळी तू त्या सगळ्यांच्यात उतरतेस हे ऐकून तिला फार बरं वाटलं होतं, पण ते तिला कधी करायचं नाहीये. घरचे काय म्हणतील म्हणून नाही. कुणी बघत नसलं की तिचे हातपाय मोकळे सुटतात, तेवढा एक तास तिला पाहिजे, आणि त्यात तिला काही वाईट वाटत नाही. मला ते पटलं. पण आम्ही दोघी त्या उन्हाळ्यात एकदाही बरोबर पोहलो नाही, हे माझ्या मनातून गेलं नाही.

जूनच्या सुरुवातीला एका सुट्टीच्या दिवशी मी दोन वाजता तिच्यासोबत गेले. माझा पास चालणार नाही, असं फाटकावरच्या माणसानं सांगितलं. फार तर बसा म्हणाला. मी सिमेंटच्या बाकावर ओढणी डोक्यावर घेऊन बसले. बाक भाजत होता. मैत्रीण पाण्यात उतरली, उथळ बाजूनं निघाली, आणि नेहमीच्या जागी वळली नाही. खोल बाजूकडं सरळ गेली. तिचे हात सावकाश, एकसारखे पडत होते. पलीकडच्या कठड्याला हात लावून तिनं मागं वळून मला शोधलं. मी हात हलवला. मला आनंद झाला होता, फार झाला होता, आणि त्याच वेळी असं वाटत होतं की त्या कठड्यापाशी तिच्या शेजारी पाण्यात मी असायला हवं होतं, आणि मला या तापलेल्या बाकावर बसवणाऱ्या त्या माणसांना मी कधीच माफ करणार नाही.